कुलपाच्या पत्र्याखाली

मार्च संपत आला आणि छपरावरचे बर्फ सुटू लागले, की एव्हर्ट सुंदीन आपल्या कार्यशाळेचे दार दिवसभर उघडे ठेवी. कार्यशाळा म्हणजे घरामागचा जुना गोठा. गुरे जाऊन कित्येक वर्षे झाली होती. गव्हाणीच्या जागी आता लांब बाक होता, बाकावर शिकंजा, आणि भिंतीवर करवती, पटाश्या, भोके पाडायचे सामते आपापल्या खुंट्यांवर टांगलेले. गोठ्याच्या दूरच्या टोकाला सिमेंटच्या जमिनीवर एक मोठा चौकोनी पांढुरका डाग होता. तो डाग घासूनही गेला नव्हता. एव्हर्ट त्यावर सहसा काही ठेवत नसे, आणि शक्यतो त्यावरून चालतही नसे.

त्या सकाळी त्याच्या हातात एक रंधा होता. पलीकडच्या गावातला एक सुतार वारला, तेव्हा लिलावातून एव्हर्टने अकरा रंध्यांचे एक खोके आणले होते. हा त्यांतला सर्वांत अरुंद, कडेला कंगोरा काढण्याचा. पात्यावर गंज चढलेला, बर्चच्या लाकडाचे अंग धुराने आणि हाताने काळे पडलेले. पात्याचा गंज त्याने रॉकेल लावून हलक्या हाताने उतरवला, धार सहाणेवर आणली. लाकडाला मात्र फक्त ओल्या फडक्याने पुसले आणि जवसाचे तेल दिले. रंध्याच्या नाकाडावर सुरीने कोरलेली अक्षरे होती: ‘एन. ओ. एस. १८४१’. निल्स, ओलोफचा मुलगा. त्याखाली जरा वाकड्या हाताने कोरलेले ‘ओ. एन. एस.’. ओलोफ, निल्सचा मुलगा. म्हणजे बापामागून रंधा त्याच्याकडे आला असणार. शेवटचा ‘एस’ सगळ्या मुलग्यांचा सारखाच, जसा मुलींचा ‘डी’. पहिले अक्षर आपले, मधले बापाचे, शेवटचे मुलगा की मुलगी एवढेच सांगणारे. या भागात तेव्हा माणसांची ओळख तीन अक्षरांत मावत असे.

अक्षरांच्या खाचांत साचलेला काळा मळ एव्हर्टने तसाच राहू दिला. हत्यार चालण्याजोगे झाले की थांबायचे, हे तो उशिरा शिकला होता.

बाहेर गाडी थांबली. दारात प्रथम काठी आली आणि तिच्यामागून मायकेन.

“आहेस का जिवंत?” तिने विचारले.

“जेवणापर्यंत तरी आहे. नंतरचं बायकोला विचार.”

मायकेन त्र्याऐंशी वर्षांची होती, एव्हर्टहून चार वर्षांनी मोठी. तळ्याच्या पलीकडच्या काठावर तिच्या नवऱ्याचे शेत होते. शाळेत असताना ती एव्हर्टच्या मोठ्या बहिणीशेजारी बसत असे, आणि त्याच नात्याने ती त्याच्याशी अजूनही धाकट्या भावाशी बोलावे तशी बोले. तिच्यामागून तिच्या भाच्याने निळ्यापांढऱ्या विणलेल्या कापडात गुंडाळलेला एक मोठा पेटारा आत आणला, बाकापाशी ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

मायकेनने कापड ओढून काढले.

“ओळखलास?”

एव्हर्टने चष्मा डोळ्यांवर घेतला. लग्नाचा पेटारा; रुंद फळ्यांचा, कोपऱ्यांवर खाचा एकमेकींत गुंतवलेल्या, पुढच्या बाजूला तळहाताहून मोठा लोखंडी पत्रा आणि त्यात किल्लीचे भोक. लाकूड मधाच्या रंगाचे, उघडे, साबणाने घासून घासून मऊ पडलेले.

“पाइनचा पेटारा,” तो म्हणाला.

“पाइनचा कुणी केला? माझ्या सासूबाईंच्या घरात तो तांबडा होता. तू केलास पाइनचा.”

 एव्हर्टची नजर नकळत दूरच्या टोकाच्या पांढुरक्या डागाकडे गेली.

सत्तरच्या दशकात तिथे जुन्या लाकडावरचा रंग उतरवायचा कॉस्टिक सोड्याचा हौद होता. त्या वर्षांत देशभर सगळ्यांनाच उघडे पाइन हवे होते. मासिकांतून तशी चित्रे येत. शहरातून तरुण जोडपी येत आणि आजीची कपाटे, पाळणे, पेटारे गाडीच्या टपावर बांधून आणत. रंगाखाली खरे लाकूड आहे, रंग ही वरची लबाडी आहे, असे सर्वजण म्हणत, एव्हर्टही म्हणे. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची फुले, पाने, नावे, साल हौदात तासाभरात चिखल होऊन तळाशी बसत. पहिल्यांदा त्याने स्वतःच्या आईचे कोपऱ्यातले कपाट बुडवले, लोकांना नमुना दाखवण्यासाठी. नंतर नऊ वर्षे हा धंदा चालला. मग एक दिवस संग्रहालयाच्या बाईंनी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात या पुसल्या गेलेल्या रंगांवर एक लेख लिहिला. त्यात कुणाचे नाव नव्हते. तो वाचून एव्हर्टने हौद फोडला.

“बस,” तो मायकेनला म्हणाला आणि भट्टीजवळची खुर्ची पुढे केली. “तुझ्या सासूबाईंचा, हिल्माचा होता?”

“हिल्माच्या आजीचा. केश्टिन तिचं नाव.” मायकेन बसली. “सासूबाईंना सत्तर पूर्ण होणार होती. मी घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत मी केलेली एक गोष्ट त्यांना धड आवडली नव्हती. म्हटलं, यांना चकित करू. त्या बहिणीकडे गेल्या होत्या आठवडाभर. पेटारा उचलला आणि तुझ्याकडे आणला. वाढदिवसाच्या सकाळी मधोमध ठेवला, वर बर्चच्या पिवळ्या पानांचा गुच्छ.”

“मग?”

“मग काय. त्या आल्या, बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘किती स्वच्छ झालाय.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कापड त्यावर होतं. झाकणावरून पुढं पार जमिनीपर्यंत सोडलेलं. नंतर एकोणीस वर्षं जगल्या. पेटारा उघडायचा तेवढं कापड उचलायच्या आणि परत सारखं करायच्या.” ती काठीची मूठ अंगठ्याने चोळत राहिली. “बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही चार शब्द बोलले असते, भांडण होऊन संपलं असतं. एक शब्द नाही.”

छपरावरून बर्फाचा एक पट्टा घसरला आणि दाराबाहेर धप्पकन पडला.

“मेच्या एक तारखेला मी त्या वृद्धांच्या घरात जातेय,” मायकेन पुढे म्हणाली. “एक खोली. पलंगाच्या पायथ्याशी एकच वस्तू मावते. मी मोजून आलेय. पेटारा नेणार. पण कापड घालून नाही न्यायचा. आणि असा नागवाही नाही. तू त्याचं सगळं काढून घेतलंस, तूच परत घालायचं. तांबडा रंग, आणि वर अक्षरं.”

“कोणती अक्षरं?”

“के आणि डी. पांढरी. मध्ये कुलूप.”

एव्हर्टने विचार केला. त्याचा हात अजून रंध्यावरच होता, अंगठा ‘ओ’ या अक्षरावर.

“बापाचं अक्षर कुठंय?”

“नव्हतं.”

“असं कसं? के, डी. केश्टिन, मुलगी. पण कुणाची? प्रत्येकीला बाप असतो.”

“प्रत्येकीलाच नसतो,” मायकेन म्हणाली. “तुझ्याच गल्लीतली नावं घेऊ का?”

“चर्चच्या वहीत लिहायला तरी कुणीतरी लागतो. आणि बाप नसता तर एवढा पेटारा कुणी करून दिला असता?” तो पेटाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसला. गुडघे करकरले. कुलपाचा पत्रा त्याने निरखून पाहिला. “हा मूळचा नाही. पेटाऱ्याच्या मानानं फार मोठा आहे. जुनं भोक झिजलं असणार, म्हणून नंतर कुणा लोहारानं वरून ठोकलाय. तुम्ही पाहिलंत ते के आणि डी एवढंच, कारण मधलं अक्षर याच्याखाली होतं.”

मायकेन काठीवर भार देऊन पुढे झुकली.

“म्हणजे अजून असेल?”

“असेल असं नाही म्हणालो. होतं, असं म्हणालो.”

“मग काढ की पत्रा.”

एव्हर्ट जागचा हलला नाही. हौदात वस्तू टाकण्याआधी तिचे लोखंड काढायचे, हा त्याचा नियम होता. बिजागऱ्या, कड्या, पत्रे, खिळा न खिळा. इतर हौदवाले लोखंडासकट बुडवत आणि मग लाकडावर काळे डाग पडत. त्याच्याकडून वस्तू निष्कलंक निघे, म्हणूनच लोक लांबून येत. पत्रा तेव्हा काढला असेल, तर सोड्याने त्याखालचे अक्षर बाकी रंगाबरोबरच खाल्ले असणार. त्याचे काम जितके चोख, तितके मागे काही उरणे अशक्य. हे त्याने मायकेनला शक्य तितक्या थोड्या शब्दांत सांगितले.

ती ऐकून घेत होती. मग तिने काठीचे टोक पत्र्याच्या खालच्या कडेवर टेकवले. तिथून दोन काळे ओघळ लाकडावर उतरले होते.

“मग हे कसले?”

“ओलीचे असतील,” एव्हर्ट म्हणाला. “तळघरातल्या.”

“तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. शब्द न शब्द. आमच्याकडं तळघर नाही, एव्हर्ट. खाली खडक आहे. कधीच नव्हतं तळघर.”

एव्हर्टने ओघळांवरून बोट फिरवले.

“पेटारा इथं ठेवून जाते,” मायकेन उठली. “अक्षर निघालं तर तसंच रंगव. नाही निघालं तर के आणि डी, आणि मध्ये तुझ्या मनाला येईल ते घाल.”

“ते मी करणार नाही.”

“का? तुला काय फरक पडतो? तिला पुसताना तू विचारलं होतंस का तिचा बाप कोण ते?”

हे ती रागाने बोलली नाही. दार किती रुंद आहे ते पाहत, काठी सांभाळत ती बाहेर गेली.

जेवताना एव्हर्टने बायकोला, टीराला, सगळे सांगितले. टीराने एकावन्न वर्षे संसार केला होता आणि नवरा ज्या दिवशी न विचारता बोलू लागे, त्या दिवशी त्याला मध्येच अडवू नये, एवढे ती जाणून होती. तो बटाटे अर्धवट टाकून उठला, खिशातून स्क्रू काढायचे हत्यार काढले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेला. हेच ते आईचे कपाट. त्याने वरच्या दाराची एक बिजागरी सोडवली.

“आता माझं कपाटही मोडणार?” टीरा म्हणाली. “त्यात माझे पेले आहेत.”

बिजागरीखालचे लाकूड बाकीच्या लाकडाइतकेच स्वच्छ होते. रंगाचा कणही नव्हता. खाचेच्या कोपऱ्यातसुद्धा नाही. एव्हर्टने बोट घालून पाहिले.

“आईच्या वेळी निळं होतं हे,” तो म्हणाला. “दारावर दोन पक्षी होते. एक जरा जाडा.” थोड्या वेळाने म्हणाला, “माझं काम चोख असायचं.”

त्याने हे ज्या आवाजात म्हटले, त्यामुळे टीराने काटा खाली ठेवला.

“कधी आणला होता मायकेननं तो पेटारा?”

“हिल्माच्या सत्तराव्या वाढदिवसाला. पानगळीत.”

“पानगळीत कधी?”

“मला काय ठाऊक. बर्चची पानं पिवळी होती म्हणते.”

“हिल्माचा वाढदिवस एल्क हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात यायचा,” टीरा म्हणाली. “गावातले सगळे पुरुष रानात, म्हणून तिच्याकडं कॉफीला कायम नुसत्या बायका. मी गेलेय ना. म्हणजे तू पेटारा बुडवलास तो शिकार सुरू होण्याच्या आदल्या शुक्रवारी. आठवतंय? बाहेर तुझे सोबती गाडीत बसून भोंगा वाजवत होते आणि तू गोठ्यात हौदाशी, पायांत शिकारीचे बूट, पाठीला पिशवी. मी तुझा डबा घेऊन आले होते.”

“तो शुक्रवार होता?”

“तोच. त्या दिवशी तू डोक्यावरची टोपी काढली नव्हतीस, लोखंड काय काढतोस.”

एव्हर्ट हातात बिजागरी घेऊन उभा राहिला. आयुष्यात त्याच्यावर घिसाडघाईचा आरोप फार थोड्यांनी केला होता, आणि ज्यांनी केला त्यांच्याशी तो वर्ष-वर्ष बोलला नव्हता. आता मात्र तो आरोप खरा निघावा, असे त्याला मनापासून वाटत होते. ही इच्छा इतकी अनोळखी होती, की तिचे काय करावे ते त्याला कळेना. त्याने बिजागरी परत बसवली आणि थंड झालेले बटाटे संपवले.

पत्र्याला त्याने लगेच हात लावला नाही. मायकेन समोर असताना तो काढायचा, असे त्याने ठरवले, आणि तसे टीराकडून तिला फोनवर कळवले. तोवर दुसरे काम होते. झाकणाच्या पुढच्या कडेला मुळात कंगोऱ्याची पट्टी असणार. हौदात सरस विरघळून ती निघाली होती आणि तिच्या जागी त्याने त्या वेळी यंत्रावर कापलेली सरळसोट पट्टी ठोकून दिली होती. ती आता त्याने काढली. झाकणाच्या दोन्ही बाजूंना जुन्या पट्ट्यांचे वीतभर तुकडे शिल्लक होते. त्यांच्यावर त्याने लिलावातला रंधा आडवा लावून पाहिला. पात्याचा गोलवा आणि तुकड्याचा गोलवा एकमेकांत इतके नेमके बसले, की मध्ये उजेड दिसेना. निल्सनेच हा पेटारा केला, असे म्हणण्याचे धाडस तो करणार नव्हता. तळ्याकाठचे सुतार एकमेकांच्या रंध्यांवरून रंधे करत. तरी त्याने तो रंधा थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

माळ्यावर जुन्या कोठाराच्या फळ्या होत्या. त्यांतली एक दाट रेषांची, संथ वाढलेल्या झाडाची फळी त्याने निवडली. पहिल्या हातांना रंधा अडखळला, मग पात्याची पाचर किंचित सैल करून पुन्हा ठोकल्यावर चालू लागला. पहिल्यांदा पातळ धागे निघाले, मग अरुंद फिती, शेवटी पूर्ण रुंदीचे वेटोळे. हे दोन दिवस चालले. घाई करण्याचे कारण नव्हते आणि त्याला ती करायचीही नव्हती. पट्टी सरसाने चिकटवली. एका डब्यात त्याने जवसाच्या तेलात तांबडा रंगही खलून ठेवला आणि कागदावर के, डी अशी अक्षरे निरनिराळ्या वळणांनी काढून पाहिली. मध्ये प्रत्येक वेळी जागा सोडली.

शुक्रवारी मायकेन आली. टीराही कॉफीची किटली आणि वेलदोड्याचे गोड पाव घेऊन गोठ्यात येऊन बसली.

“तू कशाला?” एव्हर्ट म्हणाला.

“मी साक्षीदार आहे. टोपीची.”

पेटाऱ्याचे झाकण उघडून एव्हर्ट आत वाकला. पत्रा चार हातघडीच्या खिळ्यांनी ठोकलेला होता. त्यांची टोके आतून वाकवून लाकडात रुतवलेली. दिव्याच्या उजेडात त्याने ती टोके एकेक करून पाहिली.

“काय?” मायकेनने विचारले.

“खिळे एकदाच वाकवलेले आहेत,” आतून त्याचा आवाज आला. “काढून परत ठोकले असते तर दुसरी वळी दिसली असती.”

याचा अर्थ मायकेनने विचारला नाही. तिला कळले होते. तिने फक्त कॉफीचा पेला खाली ठेवला.

अरुंद पटाशीने त्याने वाकलेली टोके उचलली, पकडीने सरळ केली. मग प्रत्येक खिळ्याच्या टोकाला डाख लावायच्या तापलेल्या इस्त्रीने थोडी ऊब दिली आणि आतून हलकेच ठोकले. दोन खिळे सहज सरकले. तिसऱ्याला वेळ लागला. चौथ्यापाशी त्याने हातोडी ठेवली आणि तळहात पँटवर पुसले.

“तुला मी कॉफी देऊ की मायकेनला?” टीराने विचारले. “दोघंही श्वास घ्यायचे थांबलात.”

चौथा खिळा निघाला. एव्हर्टने पत्र्याच्या कडेखाली लाकडाची पातळ पाचर सरकवली, एका बाजूने, मग दुसऱ्या. पत्रा सुटा होताना खपली निघावी तसा आवाज आला.

खाली तांबडा रंग होता.

कडेकडेने सोडा शिरला होता, तिथे लाकूड पांढरे पडले होते; पण मधोमध, किल्लीच्या भोकाच्या वर, तळहाताएवढा भाग जसाच्या तसा होता. गावातल्या घरांच्या भिंतींना असतो तसला तांबडा नव्हे. त्याहून खोल, जुना. त्यावर कुंचल्याने एका दमात ओढलेली पांढरी उभी रेघ, पायाशी आडवी रेघ, आणि त्या कोनात बसवलेले एक बारीक निळे पान. पानाची एक बाजू जरा फुगीर झाली होती. चिताऱ्याचा हात तिथे घसरला असावा.

“एल,” एव्हर्ट म्हणाला.

मायकेनने पर्समधून दुसरा चष्मा काढला. बोट जवळ नेले, पण लावले नाही.

“आजीच्या वडिलांचं नाव सासूबाईंनी कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मीही विचारलं नाही.”

“लार्स असणार. किंवा लुडविग.”

“इकडं कोण होता लुडविग?” टीरा म्हणाली. “लार्सच.”

“लार्स,” मायकेन म्हणाली. “केश्टिन, लार्सची मुलगी.” ती बराच वेळ पाहत होती. “हे पान सासूबाईंनी पाहिलंच नसेल कधी. त्यांच्या जन्माआधीच पत्रा बसला असेल.”

“बसला असेल.”

छपरावरून थेंब पडत होते. एव्हर्टने पत्रा बाकावर ठेवला, उलटा. मग तो म्हणाला, “लोखंड मी काढलं नव्हतं.”

“एकोणपन्नास वर्षं लागली तुला.”

“तळघर नाही हे तू तेव्हाच सांगायला हवं होतंस.”

“तू ऐकायला थांबला असतास तर ना. कसली घाई होती एवढी?”

“एल्क,” टीराने उत्तर दिले.

“मिळालं का मग?”

“नाही. आठ दिवस रानात बसून पडसं घेऊन आला.”

मायकेन हसली. हसता हसता तिने चष्मा काढला आणि रुमालाने काचा पुसल्या, मग डोळे, मग पुन्हा काचा. टीराने तिच्या पेल्यात कॉफी ओतली आणि तिच्याकडे न पाहता पावांची बशी पुढे सरकवली.

थोड्या वेळाने एव्हर्टने रंगाचा डबा उघडला. एका फळीच्या तुकड्यावर तो रंग लावून वाळवलेला होता. तो त्याने अक्षराशेजारी धरला. फारसा फरक नव्हता. किंचित काळा मिसळला असता तर तोही राहिला नसता. त्याने कागद मांडले. ‘एल’च्या वळणावरून के आणि डी कसे असतील, हे आता त्याला दिसत होते, चितारी रेघ वरून जाड सुरू करी आणि खाली हात उचलत नेई.

“दोन आठवडे लागतील,” तो म्हणाला. “तेलाचा रंग वाळायला वेळ घेतो. मेच्या आत होईल.”

मायकेनने फळीचा तुकडा हातात घेतला, अक्षराशेजारी धरला, काढला, पुन्हा धरला.

“चांगला करशील तू,” ती म्हणाली.

“प्रयत्न करीन.”

“तेच म्हणतेय. इतका चांगला करशील, की मग हे एवढंसं कुठलं आणि तुझं कुठलं, ते कुणाला कळणार नाही. मलासुद्धा नाही, माझ्या या डोळ्यांना.” तिने तुकडा बाकावर ठेवला. “नको रंगवूस.”

“म्हणजे नागवाच ठेवायचा? तूच म्हणालीस...”

“म्हणाले होते. तेव्हा हे नव्हतं.” ती अक्षराकडे पाहतच बोलत होती. “सासूबाईंनी झाकलं ते मी केलेलं होतं. आता वरून तांबडा दिला, तर मीही तेच झाकल्यासारखं होईल. जे गेलं ते गेलेलं दिसू दे. जे राहिलं ते हे आहे.”

एव्हर्टने डब्याचे झाकण लावले. काढलेल्या अक्षरांचे कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. त्याला हायसे वाटले आणि थोडे वाईटही वाटले. हातात आलेले काम परत गेल्यावर कारागिराला वाटते तितके.

“पत्रा पुन्हा लावायचा नाही तर,” तो म्हणाला. “भोकाभोवती मूळचा छोटा पत्रा होता, त्याची खूण आहे बघ. तेवढ्याच मापाचा करून देतो. अक्षराला लागणार नाही. आणि रंगाच्या कडा सुटू नयेत म्हणून थोडा सरस भरावा लागेल. बाकी काही करत नाही.”

“बाकी काही करू नकोस.”

पुढच्या गुरुवारी तिचा भाचा गाडी घेऊन आला. मायकेनने झाकणाच्या नव्या पट्टीवरून बोट फिरवले आणि ती जुन्या तुकड्याला कुठे मिळते ते शोधले. सापडले नाही, तेव्हा एव्हर्टने दाखवले. मोठा लोखंडी पत्रा आणि त्याचे चार खिळे त्याने कागदात बांधून पेटाऱ्याच्या आतल्या कप्प्यात ठेवले होते. निळेपांढरे कापड मायकेनने खुर्चीवर पसरले, घडी घातली, पुन्हा घडी घातली. चौघडी झालेले ते कापड तिने झाकणावर ठेवले. पुढची बाजू मोकळी राहिली.

“एक राहिलंच,” पेटारा उचलण्याआधी एव्हर्ट म्हणाला. किल्लीच्या भोकाखालचे दोन काळे ओघळ त्याने दाखवले. “हे निघतात. एक आम्ल आहे माझ्याकडं. तासाभराचं काम.”

मायकेनने वाकून ओघळ पाहिले.

“राहू दे,” ती म्हणाली. “तळघरातले आहेत ते.”